देवाच्या झाडाची अदलाबदल

सापगावजवळच्या वनस्पती उद्यानात दर हिवाळ्यात एक दिवस सगळ्यांना मोकळा प्रवेश असे. २००४ साली त्या दिवशी पाहुण्यांच्या हस्ते 'देवाच्या झाडा'चं रोप जमिनीत लागायचं होतं. मुरबाडच्या डोंगरातल्या एका राईत त्या जातीचं एकच म्हातारं झाड उरलं होतं. बिया रुजत नव्हत्या, कलमं सडत होती. पावसाळ्यात सारिकाने झाडाखाली आपसूक उगवलेलं एक रोप आणलं आणि ते चांगलं तरारलं. उद्यानाचे प्रमुख साईनाथसर येईल-जाईल त्याला ते कौतुकाने दाखवत.

सारिकाला मात्र कशाचंच काही वाटत नव्हतं. उन्हाळ्यात तिची सात वर्षांची अक्षदा तापाने गेली. तेव्हापासून ती जेवायची, रोपवाटिकेत कामाला यायची, चारचौघींत बोलायची, पण आतून पार दगड. एकदा पोटभर रडू यावं, एवढंच तिला हवं होतं.

राईतून रोप न्यायचं तर बदल्यात घरातली वापरातली वस्तू झाडाला बांधायची, ही तिथली रीत. वस्तू परत हवी तर रोप परत द्यायचं. राईची दिवाबत्ती करणारी म्हातारी बाईजा त्या दिवशी समोर उभी होती. सारिकाच्या पिशवीत अक्षदाची लाल रिबीन निघाली, म्हसाच्या जत्रेत घेतलेली. तीच तिने झाडाला बांधली. वापरणारी आता नाही, हे काही तिने सांगितलं नाही.

दिवाळीनंतर रोपवाटिकेतल्या बायका म्हणायला लागल्या, त्या रोपाला वास येतो.

"सारिके, पानांना खोबरेल चोपडतेस का गो?" धोंडूबाईने विचारलंच.

काही पानांत तेल असतं, असं सर म्हणाले. सारिकाने पान नाकाशी धरलं. तिला कसलाच वास आला नाही.

मोकळ्या दिवशी मंडप पडला, शाळांच्या सहली आल्या, लाउडस्पीकर खरखरायला लागला. खड्डा तयार होता. सारिका रोपाला पाणी घालत होती, तेवढ्यात बाईजा आली. तिची एक मूठ मिटलेली होती.

"रोप दे माजं. नि तुजी वस्तू घे. मेल्या पोरीची हाय, ते बोलली का नाय तू?"

"तुला कोण बोललं?"

"आमच्या पोरी सांजच्या राईत जातात. हाका मारल्या तरी येत नाय. इचारलं तर बोलतात, वेणी घालत व्हतो."

"कोणाची?"

बाईजाने मूठ उघडली.

रिबीन तीच होती. गाठीत केस अडकले होते. काळेभोर, तेल लावलेले, हातभर लांब. अक्षदाचे केस तापात सारिकाने स्वतःच बारीक कापले होते.

आता तिला वास आला. खोबरेलाचा.

पलीकडे पाहुण्यांचं नाव पुकारलं गेलं. "सारिका, रोप आण!" साईनाथसरांनी हाक मारली.

"दे गो बाय," बाईजा काकुळतीला आली. "माजी नात पण जाते तिथं."

सारिकाचे डोळे भरून आले. उन्हाळ्यापासून पहिल्यांदाच. तिने रिबीन गालाला लावली, मग बाईजाच्या मुठीत परत कोंबली आणि रोप उचलून खड्ड्याकडे निघाली.

"गुंता काढताना तिला लय दुखतं," ती म्हणाली. "तुज्या नातीला सांग, हळू विंचर."