कोरी पाठ

राजापूरच्या बाजारपेठेच्या टोकाला माझं रंगकामाचं दुकान होतं. दुकानांच्या पाट्या, नाटकाचे पडदे, होड्यांवरची नावं, असं मिळेल ते काम मी करत असे. मोटारलॉऱ्या आमच्याकडे नुकत्याच वाढू लागल्या होत्या. नाटे बंदरातून सुकी मासळी आणायची, राजापुरात उतरवायची, इथून आंबा नाहीतर बांबू भरून लांज्याकडे न्यायचा, असा त्यांचा राबता. त्यांच्या नंबराच्या पाट्याही मीच रंगवायचो. काम सोपं होतं. काळ्या पत्र्यावर पांढरे आकडे, एक पाटी पुढे आणि एक पाठीमागे.

त्या काळी पाठीमागची पाटी बहुतेक लॉऱ्यांना फाळक्यावर ठोकलेली असे. फाळका म्हणजे मागचं ते फळ्यांचं दार, माल चढवताना खाली सोडतात ते. आता लांब बांबू भरले की फाळका बंद होत नाही. तो खाली लोंबकळतो आणि त्याच्यावरची पाटी उलटी होऊन आत जाते. मागून पाहणाऱ्याला दिसतात ते फक्त बांबूंचे शेंडे आणि खाली कोरं लाकूड. कोणाला त्याचं काही वाटत नसे.

एका वर्षी शिमगा झाल्यावर खंडूचा अपघात झाला. खंडू मुंबईला गिरणीत होता, सणाला गावी आला होता. बायकोला, तुळसाला, घेऊन राजापूरचा बाजार करून परतत होता. ओणीच्या अलीकडे एक जांभळीचं वळण आहे. तिथे मागून लॉरी आली. तांबड्या मातीचा रस्ता, धुरळा इतका की हातभर अंतरावरचं माणूस दिसेना. धुरळ्यातच खंडू चाकाखाली गेला. लॉरी थांबली नाही. तुळसा तिच्या मागे धावत सुटली. एकदा तिचा हात मागच्या लाकडाला लागलासुद्धा, पण वळण संपलं आणि उतार लागला.

फौजदाराने तिला विचारलं, लॉरी कोणाची, नंबर काय? तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. पण आकडे होते की नव्हते एवढं तर तिला कळत होतं.

"पाठ कोरी व्हती," ती म्हणाली. "काय एक नव्हतां तिच्यावर."

एवढंच तिला माहीत होतं. पुढे चौकशी झाली, पण कोणी कबूल झालं नाही. तेव्हापासून तुळसा रोज त्या वळणावर जाऊन बसू लागली. लॉरी गेली की उठायची आणि तिची पाठ बघायची. घरी म्हातारी सासू होती, आवडाबाई. ती दुपारी कधी भाकरी घेऊन यायची, सुनेच्या शेजारी बसायची आणि परत जायची.

पुढच्या हिवाळ्यात हुकूम आला. माल वाहणाऱ्या प्रत्येक लॉरीने पाठीमागचा नंबर पक्क्या लाकडावर लावायचा, फाळक्यावर नाही. माल कितीही असो, नंबर झाकता कामा नये. अंधार पडल्यावर त्याच्यावर दिव्याचा उजेड पडला पाहिजे. फौजदार नाक्यावर उभा राहून एकेक लॉरी तपासू लागला, आणि माझ्या दुकानापुढे लॉऱ्यांची रांग लागली. दुकानाला दिवसभर जवसाच्या तेलाचा वास.

एका सकाळी तुळसा दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. पांढरं कपाळ, मोकळे हात. उन्हाने चेहरा रापलेला.

"दादा, सगळ्या लॉऱ्यांच्या पाठीवर आकडे काढतांव?"

"हो. तसा हुकूम आहे."

"मग कोरी पाठ एकाचीबी नाय रवायची?"

मी तिला समजावू लागलो. म्हटलं, "बाई, हा हुकूम तुझ्यासारख्यांसाठीच तर आहे. आता कोणी माणूस मारून पळाला तर त्याचा नंबर दिसेल."

ती थोडा वेळ ओल्या पाट्यांकडे बघत राहिली.

"पुढच्यांचा दिसल," ती म्हणाली. "माजां काय? माज्याकडं तेवढीच वळख हाय त्याची. ती तुमी पुसतांव."

हातातला कुंचला तसाच राहिला, त्यातून रंगाचा थेंब पायावर पडला. ती वळली आणि उन्हातून चालत गेली.

महिनाभरात सगळ्या लॉऱ्यांच्या पाट्या झाल्या. तरी तुळसा वळणावर जातच राहिली. आता ती उठत नसे म्हणे. लॉरी गेली की नुसती मान वर करायची आणि खाली घालायची. वैशाखात एका दुपारी आवडाबाई भाकरी घेऊन गेली तेव्हा तुळसा जांभळीला टेकून बसलेली होती, रस्त्याकडे तोंड करून. हाक मारली तर बोलली नाही. अंग कधीचंच गार झालं होतं.

पावसाळा गेला. दिवाळीनंतर रस्ते सुकले, धुरळा उडू लागला, आणि लवू माझ्याकडे आला.

लवू इथल्याच एका शेठच्या लॉरीवर ड्रायव्हर होता. चाळिशीचा, अबोल, कामाचा माणूस. मला म्हणाला, "पेंटर, रंग कच्चा मारलात. बगा."

मी मागे जाऊन पाहिलं. पुढचा नंबर लख्ख होता. मागची पाटी मात्र कोरी. रंग खरवडलेला नव्हता, पोपडे धरलेले नव्हते. त्या पत्र्यावर कधी कुंचला लागलाच नव्हता असं वाटत होतं. मला चमत्कारिक वाटलं, पण पावसाने गेला असेल म्हणून मी पुन्हा रंगवून दिला. आठवडाभरात तो परत आला. पाटी कोरी. मग मी नवा पत्रा घेतला, दोन हात दिले, उन्हात कडकडीत वाळवला. तो गेला आणि दुसऱ्याच दिवशी लॉरी दारात.

"फौजदार म्हंतो, आता लॉरी अडकवून ठेवीन," लवू म्हणाला. त्याचे डोळे खोल गेले होते. नीट झोपलेला दिसत नव्हता.

"कुठे जातो रे हा रंग?"

तो बोटाने कोऱ्या पत्र्यावरची धूळ पुसू लागला.

"आज मी तुझ्याबरोबर येतो," मी म्हटलं. "मागे बसतो. बघू तरी."

त्याने नको म्हटलं. मग खाली बघत म्हणाला, "या. तुमीच बगा."

नंबर घालून, वाळवून, आम्ही उन्हं कलल्यावर निघालो. लॉरीत लांज्याला न्यायची सुक्या बांगड्याची पोती होती. मी मागच्या टोकाला पोत्यांवर बसलो, फाळक्यावरून खाली वाकलं की पाटी दिसेल असा. मासळीचा खारट उग्र वास, इंजिनाचा घरघराट, मागे तांबडा धुरळा. वाटेत गुराखी गुरं घरी नेत होते. मला तर आपण उगाच आलो असं वाटू लागलं होतं.

जांभळीच्या वळणाआधी चढ आहे. लॉरी मंदावली. कातळावरचा वारा पडला. मघापासून ऐकू येणाऱ्या गुरांच्या घंटा थांबल्या. धुरळा मात्र वाढला. तो खाली बसेना, लॉरीच्या मागे पडद्यासारखा उभा राहिला, आणि त्या पडद्यात मला पावलं ऐकू आली.

अनवाणी पावलं. कोणीतरी धावत होतं. जोडव्यांचा खड्यांवर टकटक आवाज येत होता. धाप लागल्यासारखा श्वास, आणि मध्येच तुटलेला एक शब्द...

"थांब... अरं, थांब..."

मी फाळका घट्ट धरला. धुरळ्यातून एक हात पुढे आला. बाईचा हात, रापलेला, आणि मनगटभर हिरव्या बांगड्या. त्या किणकिणत होत्या. तुळसाचे मोकळे हात मी माझ्या दुकानाच्या पायरीशी पाहिले होते. हा हात त्याच्या आधीचा होता. बाजार करून नवऱ्याबरोबर घरी निघालेल्या बाईचा.

तो हात पाटीवर आला. मला वाटलं, ती रागाने पुसून टाकील. तसं नव्हतं. बोटं हळूहळू आकड्यांवरून फिरत होती. आंधळं माणूस पोराचा चेहरा चाचपतं तशी. एका आकड्यावरून दुसऱ्यावर जायची, परत मागे यायची. तिला वाचायचं होतं. वाचता येत नव्हतं. आणि बोटं जिथून जात होती तिथला रंग विरत होता.

"लवू!" मी ओरडलो. "थांबव... लॉरी थांबव!"

"नाय... हितं नाय..." त्याचा आवाज चिरका झाला होता. "हितं थांबायचां नाय..."

लॉरीने वळण घेतलं, उतार लागला. हात मागे राहिला. धुरळा एकदम खाली बसला. मागे रस्ता मोकळा होता.

ओणीला पोचल्यावर लवूने लॉरी उभी केली. मी खाली उतरून पाहिलं. पाटी कोरी. लवू चाकाशी बसला होता, दोन्ही हातांत डोकं धरून.

"तुमाला आयकू आलां?" त्याने विचारलं.

"आलं. तुला रोज येतं?"

"रोज येतां." त्याने डोकं वर केलं. "त्या दिवशीबी आयकलां व्हतां, पेंटर. बांबू भरले व्हते, फाळका खाली सोडलेला. चाक कशावर तरी चढलां, मला समजलां. ती पाठनं वरडत व्हती. मी म्हटलां, थांबलो तर लोक मारून टाकतील... मी थांबलो नाय."

शेवटी तो म्हणाला, "परत काडून द्या नंबर."

"काढून देईन. टिकायचा नाही. तिला वाचता येत नाही, लवू. कोणीतरी तिला सांगायला पाहिजे."

तो मग उठला, इंजिनाचं हँडल मारलं आणि लॉरी परत फिरवली.

आवडाबाईचं घर वळणापासून आत, वाडीत होतं. आम्ही पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. म्हातारी ओटीवर तांदूळ पाखडत होती. लवू अंगणातच थांबला.

"आये," तो म्हणाला, "खंडूवरनं गेली ती लॉरी माजी. मीच व्हतो."

सुपाचा आवाज थांबला. मला वाटलं, आता ती ओरडेल, वाडी गोळा होईल. तिने सूप मांडीवर टेकवलं. मग हळूच विचारलं, "नंबर काय?"

लवूने सांगितला.

"परत सांग."

त्याने परत सांगितला. म्हातारी त्याच्या मागून एकेक आकडा म्हणू लागली. मध्ये चुकली, पुन्हा पहिल्यापासून. लवू रडत होता आणि सांगत होता, ती म्हणत होती. पाठ झाल्यावर तिने सूप बाजूला ठेवलं, काळोखात रस्त्याच्या दिशेने तोंड केलं आणि मोठ्याने, खणखणीत आवाजात तो नंबर म्हणाली. अंगणात कोणी चौथं माणूस उभं असावं अशी.

लवू दुसऱ्या दिवशी आपण होऊन फौजदाराकडे गेला. त्याला सक्तमजुरी झाली. मी त्या लॉरीची पाटी पुन्हा रंगवून दिली. नवा ड्रायव्हर त्या वळणावरून रोज जाई. नंबर कधी पुसला गेला नाही. आवडाबाई वर्षभराने गेली. शेवटी शेवटी ती कोणाला ओळखत नव्हती, पण नंबर बिनचूक म्हणायची.

मला वाटलं, झालं. तिला मिळालं ते.

लवू सुटून आला तो आषाढात. चार दिवस पावसाची झड लागली होती, अर्जुना नदीला पूर आला होता, बाजारपेठेत पाणी शिरायच्या बेतात होतं. दुपारचा तो दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. पार वाळला होता. केसांतून, दाढीतून पाणी निथळत होतं.

"कुठून आलास एवढ्या पावसात?"

"लांज्यापास्नं. चालत."

"लॉरीने यायचंस."

"लॉरीत बसवत नाय, पेंटर." तो थोडं हसला. "वळणावर त्या जांभळीला जरा टेकलो. बरां वाटलां. आता काय आयकू येत नाय."

मी त्याला आत बोलावलं, चहा देतो म्हटलं. तो नको म्हणाला. गावी आई वाट बघतेय, म्हणाला. हात जोडले आणि वळून पावसात उतरला.

तेव्हा मला त्याची पाठ दिसली. पुढून चिंब भिजलेला तो सदरा मागून कोरडा होता. त्याच्यावर तांबडा धुरळा बसला होता, चैत्रात रस्त्यावर उडतो तसा भुरभुरीत. आणि त्या धुरळ्यात, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, पाच बोटांसकट पंजा उमटलेला होता. खाली मनगटाच्या जागी बांगड्यांच्या बारीक रेघा, एकाखाली एक.

धक्का दिलेला तो हात होता की आधाराला टेकवलेला, ते मला सांगता येत नाही. पाऊस कोसळत होता. लवू पेठेच्या वळणापर्यंत गेला, तोवर मी बघत होतो. धुरळा विरला नाही.