शिसं की पोलाद

सकाळी दहाला डॉ. धम्मरत्न यांचा खामगावहून फोन आला, तेव्हा संग्रामपूर ठाण्याच्या उपनिरीक्षक सुवर्णा तायडे गोळी लागलेल्या पंजाबरावांचाच जबाब पुन्हा वाचत होत्या.

"मॅडम, गोळी मणक्याच्या पोकळीत अडकलीय. आणलं तेव्हा डाव्या पायाचा अंगठा हलत होता, आता हलत नाही. आज ऑपरेशन करावंच लागेल."

नसा नेमक्या कुठे दबल्यात, ते सीटी स्कॅनवर धातूच्या चकाकीत दिसत नव्हतं. एमआरआयमध्ये दिसलं असतं. पण त्या मशीनचं लोहचुंबक जबरदस्त. गोळी शिशाची असेल तर चिंता नव्हती. पोलादाची असेल तर ती आतल्या आत सरकून उरलेल्या नसाही घेऊन जाणार.

"कशाची आहे, तेवढं तासाभरात कळवा. गोल आहे, आठ मिलिमीटरची. कमरेखालून शिरली आणि दोन मणके वर जाऊन थांबली. सदऱ्यावर काजळी आहे."

साठीचे पंजाबराव शेतातल्या खोपडीत एकटेच राहत. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी रेणुका सुरतेला. तिचा फोन सणावारी. पहाटे बांधावर उभे असताना मागून कुणीतरी गोळी घातली, माणूस दिसला नाही, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. शेजारच्या शेतातल्या रामरावांनी त्यांना पडलेलं पाहून ठाण्यात फोन केला होता.

सुवर्णाताई शेतावर पोचल्या. बांधाच्या दोन्ही बाजूंना जमीन सपाट. रक्त अगदी थोडं. खोपडीत चुलीवर चहाचं पातेलं आटून काळं पडलेलं. चुलीपुढची हातभर जमीन ताजी सारवलेली, अजून ओली. बाकीची कोरडी, भेगाळलेली. एक ताट, एक तांब्या, एक उशी. कप मात्र दोन.

रस्त्याकडेला रामरावांची पत्र्याची शेड होती. ते पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत.

"पंजाबराव कधी दिसले?"

"साडेसहाले. बांधावर पडेल होते."

"गोळीचा आवाज?"

"नाही आला."

"सकाळी त्यांच्याकडे चहाला कोण येतं?"

रामराव हातातला पान्हा पुसू लागले. "कोनी नाही येत."

टेबलावर बेअरिंगच्या छऱ्यांची बरणी होती. सुवर्णाताईंनी एक छर्रा काढून त्यांच्याच मोजपट्टीवर धरला. आठ मिलिमीटर. मग एमआरआयबद्दल डॉक्टर जे बोलले होते ते त्यांनी शांतपणे सांगितलं. डॉक्टर आपल्या फोनची वाट पाहताहेत, हेही सांगितलं.

रामरावांच्या हातातला पान्हा खाली आला.

"ते मशीन लावू नका म्हना त्याईले," ते म्हणाले. "पोलाद आहे."

सुवर्णाताईंनी आधी खामगावला फोन लावला. मग स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसल्या.

"सपाट जमिनीवर उभ्या माणसाला गोळी लागली तर ती कमरेखालून वर चढत नाही. पंजाबराव वाकलेले होते. काजळी सांगते, बंदूक हाताच्या अंतरावर होती. एकटा राहणारा माणूस अनोळख्याकडे पाठ करून वाकत नाही. ते चुलीपुढे वाकले होते. चहा दोघांचा होता. रक्त तिथेच पडलं, म्हणून तेवढीच जमीन सारवली. ती तुम्ही सारवली, कारण ते उठूच शकत नव्हते. आणि मग त्यांना बांधावर ओढत नेलंत."

रामरावांनी सगळं कबूल केलं. रानडुकरांसाठी बंदूक त्यांनी स्वतः बनवली होती, बिनपरवान्याची. दाखवायला आणली आणि भिंतीला टेकवताना उडाली. मग ती त्यांनी तुरीच्या वाळल्या तुराट्यांच्या गंजीत लपवली होती.

"बंदूक उडाली, ती चूक असेल," सुवर्णाताई म्हणाल्या. "पण मोडलेल्या मणक्याच्या माणसाला तुम्ही शंभर पावलं ओढलंत. त्याचे पाय त्या ओढण्यानंच जास्त बिघडले असतील. आणि पोलाद आहे हे माहीत असून सकाळपासून गप्प राहिलात. याला चूक म्हणत नाहीत."

त्यांनी गाडीत बसायला सांगितलं. रामराव शेडला कुलूप न लावताच निघाले.

दुपारी डॉक्टरांनी एमआरआयशिवायच ऑपरेशन केलं. मागून मणक्याचं हाड थोडं काढून छर्रा बाहेर घेतला, नसांभोवतीचं फाटलेलं आवरण शिवलं, आणि छर्रा सीलबंद करून पोलिसांना दिला. तिसऱ्या दिवशी अंगठा किंचित हलला. चालता येईल, असं मात्र डॉक्टर म्हणाले नाहीत.

सुवर्णाताई फेरजबाब घ्यायला गेल्या. वॉर्डात बाकीच्या खाटांभोवती नातेवाईक होते. पंजाबरावांजवळचं स्टूल रिकामं होतं.

"खोटं काऊन सांगितलं, काका?"

"रामरावनं सांगितलं तसं सांगितलं." ते छताकडे पाहत होते. "सहा वर्स झाले, रोज सकाळी तो चहाले येते. तो आत गेला त माह्याकडे कोन येईन?"

सुवर्णाताईंनी जबाब लिहिला, वाचून दाखवला, अंगठा घेतला. कागद घडी करून त्या उठल्या.

"आता पुरा झाला का जबाब?" पंजाबरावांनी विचारलं.

तो पुरा झाला होता.

"थोडा राहिलाय," त्या म्हणाल्या. "गुरुवारी येते."