शेवटच्या दाराची मंजुरी

त्या संध्याकाळी काम तसं थोडकंच होतं. संगणकातल्या परवानग्यांमधून एक नाव काढायचं. नाव रोवेनाचं होतं, माझ्या बायकोचं.

आमच्या बागिओ शहरात दिवस कलला की धुकं डोंगर उतरून रस्त्यावर येतं. खिडकीबाहेरचे पाइन दिसेनासे झाले होते. ऑफिसात आमची प्रमुख ग्लेंडा आणि मी, दोघंच उरलो होतो.

आमचं सॉफ्टवेअर गावोगावच्या इस्पितळांत चालतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सलाईन किती सोडायचं, याचा हिशोब ते करतं. नवा बदल लिहून झाला की तपासण्या, जुळवणी, इस्पितळांपर्यंत पोचवणं, सगळं आपोआप होतं. फक्त शेवटच्या दाराशी माणूस लागतो. ज्याने लिहिलं त्याने मंजुरी द्यायची नाही, दुसऱ्याने द्यायची. मी लिहायचो, रोवेना मंजुरी द्यायची. त्यासाठी प्रत्येकाजवळ एक छोटीशी किल्ली असते. ती संगणकाला लावून तिच्यावर बोट टेकवावं लागतं. रोवेनाची तिच्या ओळखपत्राला अडकवलेली असायची. शवपेटी बंद करताना ते ओळखपत्र मीच तिच्या हाताशी, जपमाळेजवळ ठेवलं.

"कुया नेस्तोर, नाव काढलंत?" ग्लेंडाने विचारलं. ती मला कुया, म्हणजे दादा म्हणते. "उद्या तपासनीस येताहेत. गेलेल्या माणसाला परवानगी दिसली तर माझीच हजेरी घेतील."

"काढतो."

"रोज 'काढतो'च म्हणताय." ती रोवेनाच्या खुर्चीत बसायला गेली आणि न बसताच उभी राहिली. "तुमचं तरी काय सांगावं! दफनानंतर सगळे बेकरीत थांबले आणि तुम्ही थेट इथे. तेही तिच्या खुर्चीशेजारी! मग ती मागोमाग येणार नाही तर काय?"

आमच्यात दफनभूमीतून कोणी सरळ घरी जात नाही. वाटेत कुठेतरी टेकायचं, म्हणजे गेलेलं माणूस तिथेच रेंगाळतं, घरापर्यंत येत नाही. त्या दिवशी मला दुसरी जागाच सुचली नव्हती.

"आधी तुमचा नवा बदल सोडून देऊ," असं म्हणत तिने फारसं न वाचताच आपल्या किल्लीवर बोट टेकवलं.

दार उघडलं नाही.

कुठूनतरी आलं उकळल्याचा वास आला. रोवेना संध्याकाळी आल्याचं गरम पाणी प्यायची. चहाच्या कोपऱ्यात तर दिवाही बंद होता.

पडद्यावर नकार उमटला होता, रोवेनाच्या नावाने. खाली ती नेहमी लिहायची तेच. 'जेवलास का? मग पुन्हा बघ.'

"कुया... हे तुम्ही केलंत?"

"तिची किल्ली तिच्याजवळ आहे."

ग्लेंडाने छातीवर क्रूसाची खूण केली. "मग... काढा ना नाव. आत्ताच."

"आधी बघू दे."

मी एकेक ओळ वाचत गेलो. ती गेल्यानंतर मी लिहिलेलं हे पहिलंच. अगदी इवल्या बाळांच्या हिशोबात दशांशचिन्ह एक जागा सरकलं होतं. दहापट सलाईन.

दुरुस्त केलं. या वेळी ग्लेंडाने ओठ हलवत सगळं वाचलं, मग बोट टेकवलं. तिच्या मंजुरीखाली हळूच दुसरी उमटली. रोवेना. शब्द एकही नाही.

दार उघडलं.

मी परवानग्यांची यादी उघडली. ते नाव काढलं की तिला माझ्यापर्यंत यायला वाटच उरणार नव्हती.

"उद्या मी त्यांना थोपवून धरते हवं तर..." ग्लेंडा म्हणाली.

"नको. नियम मोडलेला तिला आवडायचा नाही."

मी नाव काढलं. 'या व्यक्तीला कशाचीही परवानगी नाही', पडद्याने सांगितलं. आल्याचा वास विरत गेला.

"चला, खाली गरम पेज घेऊ. असे एकटे घरी जाऊ नका."

"आज वाटेत कुठेच थांबायचं नाही, ग्लेंडा."

मग तिने दार उघडलं आणि मी बाहेर पडल्यावरही ते काही वेळ तसंच धरून ठेवलं.

धुक्यातून चालत निघालो. बेकरीतून कोणीतरी हाक मारली. हात हलवला, पाय थांबवले नाहीत. मागे वळून पाहिलं नाही.

सकाळी घराचं दार मी बाहेरून ओढून घेतलं होतं. आत कोणी नसतं आता. किल्ली अजून खिशातच चाचपत होतो...

आतून कडी सरकली.