धुक्यातला चाकू

"माझ्या भाडेकरणीला पोलीस धरून नेणार हायेत," गिरजाबाई दारातूनच म्हणाल्या. "तिनं न्हाई केलेलं. तेवढं शाबीत करून द्या."

चिंचवडच्या त्या लहानशा कार्यालयात खाजगी गुप्तहेर आम्रपाली वाघमारे चष्मा पुसत होती. तिचा सहायक निरंजन खुर्चीत पेंगत होता. थंडीतली सकाळ त्याला कधी पुरती खरी वाटायचीच नाही.

गिरजाबाईंच्या महाळुंग्याच्या शेतात आता भाड्याच्या खोल्या होत्या. एकीत मोनिका आणि दिव्या राहायच्या. दोघी चाकणच्या एका कारखान्यात कामाला. काल सकाळी बसथांब्याच्या वाटेवर त्यांचा सुपरवायझर जयसिंग जखमी सापडला. शेजारी मोनिकाचा घडीचा चाकू पडलेला.

"चाकू बाळगायची ती?"

"व्हय. ह्याच माणसाला भ्यायची."

रिक्षा धुक्यातून निघाली. कारखान्यांच्या चिमण्या बुडखा नसल्यासारख्या तरंगत होत्या, ट्रकचे दिवे पाण्याखालून यावेत तसे यायचे आणि विरायचे. आपण अजून अंथरुणातच आहोत, असं निरंजनला वाटत राहिलं.

आधी दवाखाना. जयसिंगच्या उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला पट्टी होती.

"कामाचं विचारायला लांबूनच हाक मारली," तो म्हणाला. "तर धावत येऊन चाकू मारला तिनं. मी हातसुद्धा उचलला नव्हता."

"चेहरा पाहिलात?"

"स्कार्फ होता ना, मॅडम. पण तसलं पिवळं जॅकेट कंपनीत तिचं एकटीचंच."

खोलीवर मोनिका गोधडीत गुरफटून बसली होती. डोळे तापानं जड.

"काल जाग आली तेव्हा दुपार झालेली," ती म्हणाली. "चाकू जॅकेटच्याच खिशात असायचा. आळंदीला घेतलेला. पेरू कापताना जरा जोर दिला, तरी पातं मिटायचं."

आम्रपालीनं तिचे दोन्ही हात हातात घेऊन निरखले. कुठं ओरखडाही नव्हता.

"सकाळभर मी हिच्या उशाशीच होते," दिव्या चहा देत म्हणाली. "पोलिसांना सांगितलं. मैत्रीण म्हणून खरं मानत नाहीत."

"पावण्याला डाव्या हातानं गं?" गिरजाबाई पुटपुटल्या.

"उजवा वाफेनं भाजलाय, आजी." तिचा उजवा हात शालीत होता. शेगडीपाशी बसूनही गळ्याला मफलर.

निरंजन दारात उभा राहिला. दोरीवरचं पिवळं जॅकेट त्याच्या खांद्यावर ठिबकलं. "असल्या धुक्यात जॅकेट कोण धुतं?" तो कुरकुरला.

आम्रपाली वळली. "शाबास, निरंजन."

आपण काय केलं, हे त्याला समजेना.

"हा चाकू वार करताना मिटतो," ती सावकाश सांगू लागली. "म्हणजे मारणाऱ्याचीच बोटं चिरली जाणार. मोनिकाची बोटं धड आहेत. जयसिंगनं चेहरा पाहिला नाही, जॅकेट पाहिलं. आणि ते जॅकेट कुणीतरी घाईनं धुतलंय."

"पण दिव्या तर इथंच होती," निरंजन म्हणाला.

"असं दिव्या म्हणते. मोनिका झोपलेली. झोपलेलं माणूस साक्ष देत नाही." तिचा आवाज मऊ झाला. "दिव्या, हात दाखव."

शालीतून हात बाहेर आला. चार बोटांवर एकाच रेषेत चिरा.

"कामावर जाताना थंडी होती म्हणून हिचं जॅकेट घातलं," दिव्या कुजबुजली. "खिशात चाकू आहे हेही नंतर हाताला लागल्यावर कळलं. धुक्यातून तो आला, 'मोनिका' म्हणाला आणि..."

"गळा धरला," आम्रपालीनं वाक्य पुरं केलं. "समोरून हात लांबवून गळा धरला, की मनगटाची आतली बाजू खाली येते. खालून मारलेला चाकू तिथंच लागतो. म्हणजे लांब उभा होतो, हे त्याचं खोटं. मफलर सोड."

गळ्यावर बोटांचे निळे वळ होते.

"चाकू बाळगणं म्हणजेच गुन्हा ना, ताई? म्हणून बोलले नाही."

"एवढ्या पात्याला परवाना लागत नाही. पण पोलिसांचा मनाई आदेश असेल, तर तोही अडचणीत आणतो. आणि बाळगायची मुभा म्हणजे मारायची मुभा नव्हे. कायदा विचारतो, धोका किती होता आणि तू कुठं थांबलीस. तुझा जीव जात होता. तू एकदाच मारलंस, गळा सुटला आणि तू पळालीस. हा बचाव आहे. लपवलंस, ते मात्र तुझ्यावर उलटेल. वळ फिके पडायच्या आत डॉक्टरांना दाखवायला हवेत."

मोनिका भिंतीकडे बघत होती. "माझ्यावर आलं, तरी बोलली नाहीस."

"सांगणार होते गं. तुझा ताप उतरू दे म्हटलं."

बाहेर कंपनीची बस न दिसताच घरघरत गेली.

दुपारी दिव्यानं जबाब दिला, डॉक्टरांनी वळ नोंदवले. संध्याकाळी दवाखान्यात जयसिंगच्या खाटेपाशी पहाऱ्याला पोलीस बसला होता. दिव्याची चौकशी पुढं चालणार होती. पण पोलीस चौकीतले अंमलदार म्हणाले, आज घरी जाऊ दे, कुणीतरी हमी द्या.

निरंजननं गिरजाबाईंकडे पाहिलं. तेवढ्यात बाकावरून मोनिका उठली. तापानं तिचा तोल जात होता.

"मी देते," ती म्हणाली. "एकाच खोलीत राहतो आम्ही."