सफरचंदांच्या शेडमधली दुपार

"जरा दार धरता का? हिला एकटीला आत शिरता येत नाही!"

मी वळून पाहिलं. 'ही' म्हणजे माणसाहून उंच डबल बास, अवाढव्य व्हायोलिनच जणू, आणि तिला मिठी मारून पावसात निथळणारा एक तरुण. मी दार धरलं. तो हसला... आणि मी धरूनच राहिले.

"आता सोडलंत तरी चालेल," तो म्हणाला. "मी रॉरी. ब्रूनी बेटावरचा. मासेमारीच्या बोटीवर असतो."

"टॅम्सिन. स्कोन विकते. आजच्यापुरती."

टास्मानियातल्या आमच्या गावात दर मार्चमध्ये सफरचंदांच्या शेडमध्ये मैफल भरते. नर्स, सुतार, मास्तर, कुणीही यावं आणि वाजवावं. गेल्या वर्षी अकॉर्डियन वाजवताना मी मधेच धून विसरले आणि रडत स्टेजवरून पळाले होते. तेव्हापासून वाद्याला हात लावला नव्हता.

थोड्या वेळानं रॉरी माझ्या स्कोनच्या, म्हणजे जॅम लावून खायच्या छोट्या गोड पावांच्या, टेबलाशी आला. "माझा बॅन्जोवाला तापानं आडवा झालाय. नुसता बास म्हणजे स्कोनशिवाय जॅम."

"स्कोन हे काय, समोरच आहेत."

"मी तुझ्याबद्दल बोलतोय. तुझी आई म्हणाली, अकॉर्डियन गाडीत आहे."

"आई!"

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आई मान खाली घालून चहा ओतत राहिली.

"मी विसरते रे," मी हळूच म्हणाले. "सगळ्यांसमोर."

"मग विसर. आठवेपर्यंत मी वाजवत राहीन. मला कुठं घाई आहे?"

कशी कोण जाणे, मी स्टेजवर चढले. धुनेची पहिली फेरी छान झाली. दुसऱ्या फेरीत... बोटं थिजली. डोकं कोरं. पण बास थांबला नाही. धीरानं, ठाम, तो चालतच राहिला. रॉरीची नजर माझ्यावर होती. मग कुणीतरी पायानं ठेका धरला. मग सगळ्या शेडनं. लाकडी जमीन माझ्या तळव्यांखाली थरथरू लागली, आणि धून अलगद बोटांत परत आली. मी वाजवत होते, हसत होते, डोळे मात्र वाहत होते...

पाऊस ओसरला तेव्हा तो गाडीवर बास बांधत होता.

"थँक्स, रॉरी. तुला कळणार नाही, तू आज काय दिलंस."

"मी? अगं, मीच घाबरलो होतो. शनिवारी बेटावर नाच आहे. येशील?"

"वाजवायला?"

"ते पण."

"आणि?"

तो कानापर्यंत लाल झाला. "आणि... तू आवडलीस मला. फार. झालं समाधान?"

मी त्याचा हात हातात घेतला. तारांनी घट्टे पडलेला, गार, ओलसर हात. समोर डोंगरावरचे ढग विरळ होत होते, आणि माझं मन भरून आलं होतं.

"पहिल्या फेरीबोटीनं येते," मी म्हणाले. "धक्क्यावर उभा राहा."