बर्फ धरून पावणेएकोणीस

"एका बाटलीत पंधरा ग्लास? छे! बर्फ कुठे धरलात तुम्ही?"

मी मान वर केली. भाड्याने भांडी देणाऱ्या त्या दुकानात मी ग्लास ठरवायला गेले होते आणि काउंटरवरच लिंबू सरबताचा हिशेब मांडून बसले होते. दुकानाचा तरुण मालक खुशाल माझ्या कागदात नाक खुपसत होता. डोळे मात्र... असो.

"पाऊण लिटरचा अर्क, चौपट पाणी," मी ठणकावलं. "पावणेचार लिटर. अडीचशे मिलीचा ग्लास. झाले पंधरा!"

त्याने शांतपणे एका ग्लासात बर्फाचे चार खडे टाकले आणि मापाने पाणी ओतलं. दोनशे मिलीलाच ग्लास काठोकाठ!

"बाटलीमागे पावणेएकोणीस," तो म्हणाला. "दीडशे माणसांना आठ बाटल्या बास. तुम्ही दहा धरल्यात."

चूक माझीच होती आणि ती चांगलीच झोंबली. घरच्या केटरिंगमधली ही माझी एकटीची पहिली ऑर्डर. आईने बजावलं होतं, एक जरी पाहुणा तहानलेला परतला तर पुढच्या ऑर्डरी दादा बघेल.

"बर्फाचं तुमचं बरोबर," मी म्हणाले. "पण माणसं तुम्हाला कळत नाहीत. सरबत चांगलं असलं की लोक परत येतात. मी दहाच घेणार."

"उरल्या तर?"

"उरणार नाहीत."

"बघायला येऊ?"

"या की... अडवलंय कोणी?"

आठवड्याने शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला तो खरंच आला. ऊन रणरणत होतं. आठवी बाटली संपली तेव्हा रांग तशीच होती, निम्मी माणसं दुसऱ्या ग्लाससाठी. मी नववी उघडली. मग दहावी... एका आजोबांना शेवटचा ग्लास दिला आणि त्यांच्या मागे पाहिलं, तर रांगेत कोणीच उरलं नव्हतं. आईने लांबूनच हसून मान हलवली. दादाने तर चक्क टाळ्या वाजवल्या! मला नाचावंसं वाटत होतं.

"हरलो बुवा," रिकामे ग्लास क्रेटमध्ये भरत दुकानदार म्हणाला. "पुढची ऑर्डर कधी?"

"उद्या संध्याकाळी. दोन ग्लास लागतील."

"दोनच? पाहुणे किती?"

"पाहुणे नाहीतच. एक मी... आणि ग्लास घेऊन येणारा."

त्याचे हात थांबले. कान लालबुंद झाले. "म्हणजे मी स्वतःच—"

"तुम्हीच. आवडता तुम्ही मला. अजून किती फोडून सांगू?"

त्याने क्रेट खाली ठेवला आणि माझा हात हातात घेतला.

"आठवडाभर मी हेच कसं बोलायचं ते पाठ करत होतो," तो म्हणाला.