घेणारे

खोटं वाटलं तर वाटू दे. पण हे आमच्या धाकट्या भावाच्या घरात घडलंय, आणि शेवटी मी तिथंच उभा होतो.

मंगळवार होता. सकाळचे अकरा. चांगला लख्ख उजेड.

धाकट्याचं काम जाहिरातींचं. कोण फोनवर काय शोधतं ते बघायचं आणि तीच वस्तू त्याच्या पुढ्यात नाचवायची. माणसांचे तीन ढीग. बघणारे, विचार करणारे, घेणारे. आई म्हणायची, "मेल्या, लोकांच्या मनात डोकावून पोट भरतोस."

नवी जाहिरात तो आधी आईच्या फोनवर चालवून बघायचा. त्यासाठी वेगळी यादी केलेली. यादीत माणूस एकच. आई.

आई गेली. फोन बंद करून मी माझ्या कपाटात ठेवला. पण यादीतून तिला पुसायला धाकट्याचा हात धजला नाही.

तिथंच चुकलं.

त्या मंगळवारी धाकट्याच्या कॉम्प्युटरवर आईची यादी हलली...

बघणारे, एक.

लहान मुलांच्या चपला. नंबर अकरा.

धाकट्यानं मला फोन केला. "दादा, आईचा फोन कुणी चालू केलाय का?"

मी कपाट उघडलं. फोन जागेवर होता. थंडगार. बॅटरी फुगून मागचं झाकण उचकटलेलं. तो चालू होणं शक्यच नव्हतं.

बुधवारी... उशाशी ठेवायचा छोटा दिवा.

गुरुवारी वस्तू नव्हती. आईनं विचारलं होतं.

'पोर अंधाराला घाबरते, काय करावं.'

धाकट्याची पोर सहा वर्षांची. आजीच्या कुशीत वाढलेली. दिवा मालवला की रडायची. चपलेचा नंबर सांगायलाच नको.

धाकट्यानं यादी पुसून टाकली.

ती परत आली... विचार करणारे, एक.

त्याच संध्याकाळी पोरीचं अंग तापलं. डॉक्टर म्हणाले, साधा ताप आहे, उतरेल.

शनिवारी मी त्यांच्याकडे गेलो. भावजय स्वयंपाकघरात पेज करत होती. धाकटा बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसलेला. माझ्या डोळ्यांदेखत आई शेवटच्या ढिगात सरकली.

घेणारे, एक.

धाकट्यानं त्या काचेपुढे हात जोडले. "आई, नको ना गं. एकच आहे मला."

आतल्या खोलीतून पोरीचं बोलणं ऐकू आलं... कुणाला तरी शाळेतलं सांगत होती. एकदा खुदकन हसली.

आत तिच्याजवळ कुणी नव्हतं.

मग बोलणं थांबलं.

काचेवर एकच शब्द उरला होता...

घेतलं.

भावजय आत धावली. मी काचेपुढंच उभा राहिलो. मला कळलं होतं.

याला आता वर्ष झालं. धाकटा अजून त्याच कामावर जातो. त्या यादीसाठीच जातो म्हणतो. मागच्या महिन्यात मला बोलावून दाखवलं. पुन्हा मुलांच्या चपला. नंबर बारा.

"दादा, वाढतेय रे ती," म्हणाला. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. ते हसू मला बघवलं नाही.

काल दुपारी त्याचा फोन आला. यादी वाचून दाखवत होता.

बघणारे, एक... पुरुषांच्या चपला. नंबर आठ.

धाकटा नऊ घालतो.

आठ माझा.